परतीचे तीन दिवस

दूरच्या प्रवासाची वर्णने आरंभापासून लिहिण्याचा प्रघात आहे. तयारी, निरोप, पहिल्या दिवशीची मळमळ आणि मग एकामागून एक बंदरे. परतीचा मजकूर बहुधा शेवटच्या चार ओळींत आटोपलेला असतो. मला मात्र आमच्या बावीस दिवसांच्या समुद्रप्रवासातील शेवटचे तीन दिवसच विशेष सांगण्यासारखे वाटतात. पिरिअसचे बंदर, सुवेझचा कालवा, तांबडा समुद्र, लोबानाच्या वासाने दरवळणारे सलाला, यांची वर्णने वाचकांनी इतरांच्या लेखणीतून पुष्कळ वाचली असतील.

तरी आम्ही बोटीवर कां चढलो हे थोडक्यात सांगितले पाहिजे. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सारे वहिनी म्हणतो, त्यांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त युरोपात असतो. २०१८ च्या शरदात आम्ही दोघी त्याच्याकडे महिनाभर राहिलो. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या या प्रचंड बोटी थंडी पडू लागली की पूर्वेकडे निघतात. तशीच एक १ नोव्हेंबरला पिरिअसहून निघून मुंबईस जाणार होती. “विमानाने आठ तासांत जाऊन काय करणार? सावकाश जा,” असा मुलाचा आग्रह. मला वाटले, वहिनी नाही म्हणतील, कारण दिवाळी बोटीवरच जाणार होती. आणि सासरी आल्यापासून सेहेचाळीस दिवाळ्या त्यांनी आमच्या पुण्याच्या घरी चोवीस माणसांचा फराळ आपल्या हातांनी करून साजऱ्या केल्या होत्या. परंतु त्या तत्काळ हो म्हणाल्या. घरात ते अनेकांना रुचले नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही कालव्यात होतो; दोन्ही अंगांस वाळू आणि आमच्या मागेपुढे जहाजांची रांग. वहिनींनी केबिनमधील मेजावर साखरेचे पाकीट ठेवून नमस्कार केला, एवढीच काय ती दिवाळी.

निघताना त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा थोरल्या सुनेच्या हाती दिला होता. फक्त देवघरातील कपाटाची किल्ली तेवढी काढून स्वतःच्या बटव्यात ठेवली होती. ही गोष्ट मला मस्कतपर्यंत ठाऊक नव्हती.

मस्कत हे आमचे शेवटचे परमुलुखातील बंदर. तेथे आम्ही दोन दिवस होतो. बंदरावर पहारा करणारे जलाली व मिरानी हे किल्ले पोर्तुगीजांचे. त्यांनी हे शहर १५०७ साली घेतले आणि १६५० साली ओमानी अरबांनी त्यांना तेथून घालविले. आपल्याकडील माणसाला मस्कत फारसे परके वाटत नाही. गुजराती भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या होत्या. सुलतानाच्या राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचे मंदिर आहे. १९७० पर्यंत त्या देशात रुपयाच चालत असे. अखेरची काही वर्षे तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी मुद्दाम काढलेला निराळ्या रंगाचा रुपया होता. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोतीश्वरास गेलो. तेथे एका भाविक बाईंच्या हातात चांदीचे निरांजन पाहून वहिनी एकदम थांबल्या. “त्रिपुराचे निरांजन कपाटात राहिले,” त्या म्हणाल्या, आणि बटव्यातून किल्ली काढून त्यांनी मला दाखविली. “मुद्दाम ठेवून घेतली?” असे मी विचारले. त्या काही बोलल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी, २० नोव्हेंबरला, बोटीने नांगर उचलला. मस्कत ते मुंबई सुमारे साडेआठशे सागरी मैल. बोट मनात आणती तर दीड-दोन दिवसांत पोहोचती. पण वेळापत्रकात मुंबईची पहाट लिहिलेली असल्यामुळे, आणि तेलही वाचत असल्यामुळे, ती ताशी चौदा-पंधरा मैलांनी डुलत चालली होती. पूर्वी शिडाच्या गलबतांना ही चैन नव्हती. पावसाळी नैर्ऋत्य वाऱ्यावर ती अरबस्तानातून हिंदुस्थानकडे येत आणि नोव्हेंबरात ईशान्येचा वारा सुरू झाला की परत फिरत. आम्ही त्या जुन्या वहिवाटीच्या नेमक्या उलट निघालो होतो, समोरून येणारा गार वारा तोंडावर घेत.

प्रवास संपत आला की बोटीवरील माणसांचे स्वभाव उघडे पडतात. तीन आठवडे ज्यांनी एकमेकांकडे पाहून नुसते हसून घेतले होते ते आता पत्ते लिहून घेऊ लागतात. खर्चाचा हिशेब दाराखालून आत सरकविला जातो आणि कॉफीच्या एका पेल्यावरून कचेरीच्या खिडकीपाशी वादविवाद होतात. मजल्यामजल्याच्या निरनिराळ्या रंगांच्या चिठ्ठ्या सामानाला बांधावयाच्या, आणि शेवटच्या रात्री दहाच्या आत पेट्या दाराबाहेर ठेवावयाच्या. सकाळी नेसावयाचे कपडे बाहेर ठेवण्यास विसरलेली मंडळी अशा वेळी दर फेरीला निघतात म्हणे.

वहिनींना या धांदलीशी कर्तव्य नव्हते. मस्कत सोडल्यापासून त्या डेकवरील खुर्चीत बसून वाती वळीत होत्या. त्रिपुरी पौर्णिमेची साडेसातशे वातींची जुडी! कापूस त्यांनी पुण्याहून नेला होता, म्हणजे हा संकल्प आधीचाच. शेजारच्या एक जर्मन आजीबाई दोन दिवस त्यांच्या बोटांकडे टक लावून पाहत होत्या. अखेर त्यांनीही कापूस मागून घेतला. त्यांच्या वाती जाड व भुसभुशीत होत. वहिनी त्या निमूटपणे उसकटून पुन्हा वळीत. मोजणी मात्र दोघींची पक्की.

आमच्या केबिनची व्यवस्था ठेवणारा तरुण गोव्याच्या साष्टीचा. बोटीवर काम करणाऱ्यास त्याच्या कोंकणीत ‘तारवटी’ म्हणतात. त्याचा बाप आणि आजाही तारवटीच होते. वहिनींचे माहेर रत्नागिरीकडचे, त्यामुळे दोघांचे छान जमले होते. त्याने वाती पाहून ओळखल्या, आणि संकोचाने सांगितले, “माई, बोटीर उजो पेटोवंक मेळना.” बोटीवर आग हे सर्वांत मोठे भय, मेणबत्ती किंवा उदबत्तीसुद्धा लावता येत नाही. वहिनी म्हणाल्या, “ठाऊक आहे रे मला.” मग त्यांनी त्याच्या आईची चौकशी केली. त्याचा करार नऊ महिन्यांचा. त्यांपैकी पाच उरले होते. आमची बोट मुंबईहून मुरगावास जाणार होती. तेथे त्याला काही तासांची सुटी मिळणार होती, आणि आई धक्क्यावर येणार होती. आमचा प्रवास संपत होता तेथे त्याला नवे उतारू, नव्या चादरी. परतीच्या गोष्टी आम्ही त्याच्यासमोर जरा जपूनच करीत होतो.

घड्याळाची गंमत सांगितली पाहिजे. मस्कतपेक्षा आपली वेळ दीड तास पुढे. बोटीवरील घड्याळे एका रात्री तासाने आणि दुसऱ्या रात्री अर्ध्या तासाने पुढे सरकविली. वहिनींनी मनगटावरचे घड्याळ सारा प्रवासभर पुण्याच्याच वेळेवर ठेवले होते. इतके दिवस त्यावरून माझी त्यांची थट्टा चाले. “आता बोटच माझ्या वेळेवर आली,” असे त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

२२ नोव्हेंबरची संध्याकाळ, पौर्णिमा. पेट्या बाहेर गेल्यामुळे केबिन उघडीबोडकी दिसू लागली होती. आम्ही शाली घेऊन डेकवर गेलो. पाण्यावर चंद्राचा लांबलचक पट्टा पडला होता. मला आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली. त्याही १८८६ च्या नोव्हेंबरात याच समुद्रावरून मुंबईस परत आल्या. जाताना साऱ्या समाजाचा रोष पत्करलेली ती मुलगी डॉक्टर होऊन आली, पण क्षयाने खंगून, आणि तीनच महिन्यांनी पुण्यात वारली. मी हे बोलून दाखविले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “एकविसाव्या वर्षी केवढे काम करून परत आली ग ती. मी सत्तरीला आले, आणि परत जाताना एका किल्लीचा विचार करते आहे.”

मग त्या आपण होऊन सांगू लागल्या. किल्ली विसरून राहिली नव्हती. त्रिपुराला चांदीचे निरांजन लागेल, सुनेचा फोन येईल, आपल्यावाचून अडेल, असे त्यांच्या मनात होते. अडू नये म्हणून घर सोडले आणि अडावे म्हणून किल्ली आणली. “दोन्ही खरे आहे,” त्या म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही. एरवी सर्वांना उपदेश करण्याची मला बरीच हौस आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे.

पहाटे चारला जाग आली ती बोटीचा वेग मंदावल्यामुळे. बाहेर आलो तो समोर पाण्यावर दिवेच दिवे. मासेमारीच्या होड्या! शेकडो असतील, कोणी स्थिर, कोणी हेलकावत. त्यांच्या पलीकडे दीपगृहाचे झोत फिरत होते. दक्षिणेला खांदेरीचे, ज्या बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, आणि कुलाब्याच्या टोकाशी १८७५ सालचे प्रॉंग्सचे. थोड्या वेळाने एक लहान नाव बोटीच्या कुशीला लागली आणि बंदराचा पायलट दोराच्या शिडीने चढून आला.

किनारा जवळ येताच मोबाइल फोन जागे झाले. वहिनींच्या फोनवर सुनेने रात्रीच पाठविलेले छायाचित्र आले. तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर साध्या मातीच्या परळात त्रिपुरवात पेटलेली, भोवती घरातील सारी मुले. खाली एवढेच लिहिले होते: “कपाट उघडेना, म्हणून परळ घेतला. वाती आम्ही सर्वांनी वळल्या, मोजताना दोनदा चुकलो.” वहिनींनी ते चित्र लांब धरून, जवळ घेऊन, चष्मा पुसून पाहिले. “तूप फार घातले आहे,” त्या म्हणाल्या. पुन्हा काही वेळाने, “परळही बरा दिसतो.” डोळे भरून आले होते, ते कशाने, हे मी विचारले नाही.

बॅलार्ड पिअरला बोट लागली तेव्हा उजाडले होते. पूर्वी विलायतेची डाक आणि साहेबलोक येथेच उतरून धक्क्यावरूनच थेट आगगाडीत बसत. आम्हाला मात्र दोन तास रांगेत उभे राहावे लागले. तपासणीच्या अधिकाऱ्याने वहिनींची पिशवी उघडून कापसाची ती भलीमोठी जुडी हातात घेतली, आणि काही न विचारता परत जपून ठेवली. आमचा तारवटी जिन्याच्या तोंडाशी उभा होता. वहिनींनी त्याच्या आईसाठी मस्कतचे खजूर दिले.

बावीस दिवस पाण्यावर राहिल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते, असे ऐकले होते. ते अक्षरशः खरे निघाले. धक्क्याबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. वहिनींनी बटव्यातून किल्ली काढली, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि माझ्या हातात दिली. “घरी गेल्याबरोबर तिला दे. मी दिली तर उगीच रडारड होईल. आणि पुण्याची गाडी किती वाजता आहे, ते विचार बघू कोणाला तरी.”