एल-एम शेवटी

दिवाळीत तुमसरला घरी होतो. अंगणात मळलेलं धान वाळत पडलेलं. खरेदी केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणून भाच्याने फायनल इयरचा प्रोजेक्टच त्यावर घेतला: आताचा ओलावा द्या, अजून किती तास वाळवायचं ते प्रोग्राम सांगेल. गणित पेजच्या 1949 सालच्या समीकरणाचं. त्यात घातांक येतात, म्हणजे सी भाषेतलं पॉव फंक्शन आलंच. हा सगळा हिशोब त्याने ‘लिबधान’ नावाच्या वेगळ्या स्टॅटिक लायब्ररीत ठेवला होता.

“मामा, कॉलेजातल्या डेबियनवर तर चालून राहिलं होतं ना!” नव्या लॅपटॉपवर उबंटू, आणि स्क्रीनवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू पॉव’. एरर त्याच्या वाळवणीच्या फाइलचं नाव घेत होती, म्हणून पोरगा सूत्रातला एकेक कंस तपासत बसलेला. मी म्हटलं, सूत्र राहू दे, कमांड दाखव. त्यात आधी मेन, मग एल-एम म्हणजे पॉव असलेली गणिताची शेअर्ड लायब्ररी, मग एल-धान म्हणजे त्याची लिबधान.

हे सगळे तुकडे जोडणारा लिंकर यादी घेऊन आठवडी बाजारात निघालेल्या माणसासारखा डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. यादीत असेल तेवढंच घेतो, मागे वळत नाही. एल-एमपाशी पोचला तेव्हा यादीत पॉव नव्हतंच. ती मागणी लिबधान उघडल्यावर निघाली, तोवर गणिताचं दुकान मागे पडलेलं. एनएम कमांडने लिबधान उघडून दाखवली: पॉवच्या डावीकडे इंग्रजी यू, म्हणजे हे बाहेरून हवंय.

मग डेबियनवर कसं चाललं? तिथे शेअर्ड लायब्ररीचं नाव घेतलं की ती जोडली जाते, लागो न लागो. उबंटूने 2011 मध्ये, 11.10 पासून, ‘ॲज-नीडेड’ हा पर्याय आपसूक लावला. त्या क्षणी गरज नसेल ती लायब्ररी वगळली जाते. मला हेच बरं वाटतं, क्रमाची ढिलाई लगेच उघडी पडते.

एल-एम शेवटी नेला, बिल्ड झालं. पण पोरगं चौकस. “दोन लायब्रऱ्यांना एकमेकींची गरज असली तर?” एकीचं नाव दोनदा लिही, नाहीतर दोघींना स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुपमध्ये टाक; लिंकर मागणी संपेपर्यंत त्यांच्यात फेऱ्या मारतो.

“हे तर जुगाड झालं.”

झालंच. असल्या दोन लायब्रऱ्या मुळात एकच असायला हव्यात, हे माझं मत. त्याने मान डोलावली आणि धान पालटायला अंगणात गेला.