तू काय पाहिलंस ते सांग



शिखरजीहून आलेल्या बाईभोवती आपण कशा जमतो, ते आठवून पाहा. तिच्या पिशव्या अजून दारातच असतात, तोवर शेजारीण येते, जाऊबाई येतात, मंडळातल्या दोघी-तिघी येतात. पायी चढलीस की डोली केलीस? पार्श्वनाथांच्या टोंकेवर गर्दी होती का? थंडी किती होती? गंधोदक आणलंस ना? ज्यांचे गुडघे आता ती २७ किलोमीटरची वंदना करू देणार नाहीत, त्या सगळ्यांत पुढे बसतात आणि डोळे मिटून ऐकतात. यात्रा एकीची झालेली असते आणि ऐकता ऐकता ती दहा जणींची होते.

आपल्याकडे याला नाव आहे. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा दुसऱ्याने केलेल्याला मनापासून संमती दिली, या तिन्हींचा बंध लागतो. तो पुण्याचाही लागतो आणि पापाचाही. म्हणून ऐकणं ही काही रिकामपणाची गोष्ट नाही. कुणाचं काय ऐकावं आणि ऐकताना मन कुठे ठेवावं, याचाही विचार करावा लागतो.

हे सगळं आज का आठवलं, ते सांगते. विषय जरा वेगळा आहे, पण घाबरू नका.

२०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नावाचा इंग्लंडचा बँड आपल्याकडे आला होता. ज्यांच्या घरात वीस-बावीस वर्षांची मुलं आहेत, त्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. लंडनमध्ये कॉलेजात असताना जमलेले चार मित्र, आता पन्नाशीकडे झुकलेले. २०१६ च्या नोव्हेंबरात ते मुंबईत एका मोठ्या कार्यक्रमात गाऊन गेले होते. या वेळी १८, १९ आणि २१ जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. मग २५ आणि २६ तारखेला अहमदाबादला, जिथे लाखभर माणसं एका वेळी बसतात त्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर दोन. तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. विक्री सुरू झाली त्या दिवशी मुलांचे ऑनलाइन रांगेतले नंबर लाखांत होते. नंतर तीच तिकिटं काही जण चढ्या भावाने विकू लागले. पोलिसांत तक्रारी झाल्या.

माझी नात १९ तारखेला जाऊन आली. अडीच हजारांचं तिकीट, तिच्या स्वतःच्या पगारातून. २६ तारखेचा अहमदाबादचा कार्यक्रम टीव्हीवर थेट दिसणार होता, म्हणून तिने तीन मैत्रिणींना घरी बोलावलं. प्रजासत्ताक दिन होता आणि वारही रविवार. सूर्यास्त साडेसहाच्या आत, तेव्हा मी सहालाच पानं घेतली. कच्च्या केळ्याची पावभाजी केली होती. कांदा-लसूण-बटाटा नाही हे एकीला तर कळलंही नाही. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या उरल्या होत्या, त्याही संपल्या. मग चौघी सतरंजीवर बसल्या आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच त्यांची कथा सुरू झाली.

चौघींपैकी तिघी जाऊन आल्या होत्या. चौथीला तिकीट मिळालं नव्हतं. रांगेत नंबर आला तेव्हा सगळं संपलेलं, आणि वरच्या भावाने घेणं तिच्या घरच्यांना परवडणारं नव्हतं.

पहिली मुलगी मैदानात उभं राहायच्या जागेत होती. ती सांगत होती गायक किती जवळून दिसला, घाम कसा दिसत होता, तो मराठीत दोन वाक्यं बोलला तेव्हा आम्ही केवढ्यांदा ओरडलो. सांगत होती ते खरंच होतं, पण प्रत्येक वाक्यात 'आम्ही' होतं आणि 'अगं, तू असायला हवी होतीस' होतं. चौथी मुलगी सतरंजीचे दोरे ओढत बसली होती. मला आपल्या मंडळातली एक बाई आठवली. नाव नको. तीर्थाहून आली की धर्मशाळेत एसी खोली कशी मिळाली आणि पहिल्या रांगेत बसून अभिषेक कसा पाहिला, तेवढंच सांगते. मूर्ती कशी होती ते मात्र राहून जातं.

मी म्हटलं, "मुलींनो, जिने पाहिलं नाही तिला दिसेल असं सांगा बरं. मलाही त्यातलं काही माहीत नाही."

मग सांगण्याची तऱ्हाच बदलली. दुसरी मुलगी वडिलांबरोबर अगदी वरच्या मजल्यावर बसली होती. ती म्हणाली, "काकू... नाही, आजी, मला गायक करंगळीएवढा दिसला. पण मला सगळं स्टेडियम दिसलं." आत जाताना प्रत्येकाला मनगटावर बांधायला एक पट्टा देतात. त्यात छोटे दिवे असतात, ते लांबून एका यंत्रावर चालवतात. गाण्याप्रमाणे हजारो मनगटं एकदम लाल होतात, मग निळी, मग पिवळी. ती म्हणाली, खाली उभ्या असलेल्यांना आपल्या बाजूचे चार हात दिसतात. वरून मात्र वारा शेतातून जातो तसा रंग जाताना दिसतो. खाली उभी असलेली पहिली मुलगी हे ऐकतच राहिली. तिला हे दिसलंच नव्हतं! एकच कार्यक्रम, पण एकीला घाम दिसला आणि एकीला शेत. आपल्या आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, पण मनात आली.

पट्ट्यावरून आणखी एक कळलं. तो पट्टा बाहेर पडताना परत द्यायचा असतो, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला वापरता येतो. कुठल्या शहराने किती टक्के परत दिले, ते पडद्यावर दाखवतात. नाचण्याच्या जागी खास फरशी असते, तिच्यावर उड्या मारल्या की वीज तयार होते. सायकली ठेवलेल्या असतात, त्या चालवूनही वीज करतात. दौऱ्याचं प्रदूषण आधीच्या दौऱ्यापेक्षा निम्म्यावर आणायचं, असं त्यांनी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. एवढा मोठा खटाटोप विमानांतून जगभर फिरतो तेव्हा हिंसा होतेच, त्याचं मी समर्थन करत नाही. पण वापरलेली वस्तू परत द्या, असं एक परदेशी गाणारा हजारोंना सांगतो आणि लोक ऐकतात, याची अनुमोदना करायला माझी हरकत नाही.

पहिल्या मुलीने मात्र पट्टा आठवण म्हणून घरी आणला होता. पर्समधून काढून तिने चौथीच्या हातावर बांधला. पण तो लागतो कसला! स्टेडियमच्या बाहेर तो साधा पांढरा पट्टा. "परत द्यायचा होतास ना गं," असं चौथीच म्हणाली आणि सगळ्या हसल्या. न दिलेलं घेणं म्हणजे काय, हे त्या मुलीला अणुव्रतांचं नाव माहीत नसूनही माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. टीव्हीवर कार्यक्रम ऐन रंगात होता. एका गाण्याच्या वेळी हा गायक मध्येच थांबतो आणि सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतो, ही त्यांची रीतच आहे. नात त्याबद्दल सांगत होती. सगळ्यांनी फोन ठेवले, एवढी माणसं एका सुरात गायला लागली, शेजारच्या अनोळखी बाईने तिचा हात धरला. सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, "आजी, रागावू नकोस. पण मला देवळात असं कधी झालं नाही."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मैत्रिणींनो, अशा वेळी आपल्या तोंडाशी काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे. 'देवळात जातेस कधी?' 'अडीच हजारांत पूर्ण दशलक्षणाचा फळांचा खर्च निघाला असता.' मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मला लगेच सुचतो. पण मी एवढंच विचारलं, "म्हणजे काय झालं, ते नीट सांग."

ती म्हणाली, गळा भरून आला. आपण कोण, उद्या ऑफिसात काय आहे, काही आठवेना. मी म्हणून कुणी वेगळी उरलेच नाही. "आणि मग?" मी विचारलं. मग लोकलमध्ये परत येताना एकदम रिकामं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर रडूच आलं, संपलं म्हणून. बाकी दोघींनीही माना डोलावल्या. त्यांचंही तसंच झालं होतं.

मी त्यावर प्रवचन केलं नाही. संयोग आहे तिथे वियोग आहे, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, मी वेगळं काय सांगणार? पण मग तिनेच मला विचारलं, "आजी, तुला होतं का असं देवळात?"

मी २०१८ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला जाऊन आले होते. दर बारा वर्षांनी येणारा तो सोहळा. सात वर्षांत घरातल्या कुणीही मला त्याबद्दल इतक्या मनापासून विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सहाशेवर पायऱ्या अनवाणी चढलो. अठ्ठावन्न फुटांची मूर्ती, आणि वरून एकेक कलश. नारळपाणी, उसाचा रस, दूध. दुधात मूर्ती पांढरी शुभ्र झाली, हळदीने पिवळी, चंदनाने लालसर. लोक जयजयकार करत होते, नाचत होते, रडत होते. मीही रडले. "पण मला राहिलं ते वेगळंच," मी म्हटलं. "सगळे रंग धुऊन गेले आणि तोच चेहरा परत दिसला. एवढं ओतलं, एवढं ओरडलो, त्या चेहऱ्यावर काही चढलं नाही आणि काही उतरलं नाही. घरी आल्यावर मला रिकामं वाटलं नाही. अजूनही कधी फार चिडले की तो चेहरा आठवते."

नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचा गायक आमच्याबरोबर हसतो-रडतो. तुमच्याकडे समोरचा काहीच करत नाही."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच तर."

वरच्या मजल्यावर बसलेल्या मुलीने मग विचारलं की तिथेही पुढच्या जागेला जास्त पैसे असतात का. मी तिला गुळ्ळकायज्जीची गोष्ट सांगितली. चामुंडरायाने घडेच्या घडे दूध ओतलं, पण ते मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. मग एका म्हातारीने लहानशा फळाच्या करवंटीतून आणलेलं दूध ओतलं, आणि ते डोक्यापासून पायापर्यंत वाहिलं. तिची मूर्ती आजही तिथे बाहुबलींच्या समोर उभी आहे. चौथी मुलगी, जिला तिकीट मिळालं नव्हतं, ती म्हणाली, "आजी, ही गोष्ट मला पाठवा ना लिहून." एव्हाना टीव्हीवर शेवटची गाणी चालली होती आणि तिला प्रत्येकाचे शब्द पाठ होते, बाकी तिघींपेक्षाही जास्त.

गर्दीतल्या गाण्यातला आनंद आणि भक्ती यांना मी एक म्हणणार नाही. एकात मन बाहेर वाहून जातं, दुसऱ्यात आत यायला शिकतं. पण एक गोष्ट नक्की. ज्या मुलीला गाण्याने गहिवरून येतं, तिचं मन कोरडं नाही. 'आजकालच्या मुलांना कशाचंच काही नाही' असं आपण म्हणतो ते खरं नाही. आणि तिचा गहिवर आपण ऐकून घेतला, तरच ती आपला विचारेल. नाही ऐकला, तरी ती तो कुणाला तरी सांगणारच. फक्त त्या खोलीत आपण नसू.

म्हणून एक विनंती. घरातलं मूल कुठून तरी आलं, मग ते गाण्याच्या कार्यक्रमाहून असो, मॅचहून असो की ट्रेकहून, तर 'किती खर्च झाला' आणि 'किती वाजता आलास' हे विचारा, तो आपला हक्कच आहे. पण त्याच्या आधी शिखरजीहून आलेल्या बाईला विचारतो तसं विचारा, की तू काय पाहिलंस ते सांग. मग मध्ये न बोलता पूर्ण ऐका. त्यातलं काय अनुमोदायचं आणि काय सोडायचं, ते मनात निवडायला नंतर वेळ असतो.

येत्या चातुर्मासात आपल्या मंडळातही एक दुपार अशी ठेवू या. ज्या यात्रा करून आल्या त्यांनी सांगायचं, आणि ज्यांना आता जाता येत नाही त्यांना पुढे बसवायचं. मुलींनाही बोलवू. सांगणारीने खोलीचं आणि रांगेचं थोडं सांगावं, मूर्तीचं जास्त सांगावं.

जय जिनेंद्र.