नमुन्यांची वही

नोकरीस निघालेल्या मुलाच्या हातीं प्रशस्तिपत्रांची गुंडाळी दिली कीं घरच्यांचें कर्तव्य संपलें, अशी आमची पुष्कळ दिवसांची समजूत होती. गेल्या पावसाळ्यांत मुळशी तालुक्यांतील आमच्या पौडच्या घरींच ती खोटी ठरली.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या डिझाइनची पदवी घेऊन घरीं आली आणि हिंजवडीच्या एका कंपनीकडून तिला मुलाखतीचें बोलावणें आलें. या धंद्यांत गुणपत्रिकेपेक्षां स्वतःच्या कामाचे नमुने अधिक पाहतात; त्या नमुन्यांच्या वहीस ही मंडळी पोर्टफोलिओ म्हणतात. आम्हीं पुण्यास एक चामड्याचें दप्तर पाहून ठेविलें होतें. किंमत अडीच हजार रुपये! त्याच महिन्यांत भाताच्या लावणीची मजुरी व दोन मुलांची फी द्यावयाची होती. तरीहि घराण्याची अब्रू म्हणून उसनवारी करून तें घ्यावें, असा आमचा आग्रह. मुलगी शांतपणें म्हणाली, "काका, ते माझें काम पाहणार आहेत, दप्तर नव्हे."

तिनें चाळीसएक कामांतून आठच निवडलीं. ए-३ आकाराचा, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटरचा, कागद घेतला. संगणकाचा पडदा रंग प्रकाशानें दाखवितो आणि छापखाना शाईनें. म्हणून आधीं एकच पान छापून पाहिलें. हिरवा रंग मळकट उतरला होता. तो सुधारून मग बाकीचीं पानें छापलीं. साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरसह सारा खर्च साडेपांचशें रुपयांच्या आंत झाला. मुळशीचा पाऊस कोणाची भीड धरीत नाहीं, म्हणून भावजयीनें जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी शिवून दिली. तींच पानें मोबाइलांतहि साठविलीं, म्हणजे ऐन वेळीं नेट नसलें तरी अडावयास नको.

एका कामावरून मात्र वाद झाला. गांवच्या महिला बचतगटासाठीं तिनें आंबेमोहर तांदळाच्या पिशवीचें चित्र केलें होतें. पहिल्या खर्ड्यांत मोठा आंबा होता; बाजारांत गिऱ्हाइकें आमरसाचा भाव विचारूं लागलीं! या तांदळाचें नांव फळावरून नव्हे, मोहराच्या वासावरून पडलें आहे. तेव्हां आंबा वगळून तिनें पिशवीस पारदर्शक खिडकी ठेविली आणि आंतला आखूड दाणा दिसूं लागला. तो फसलेला खर्डा वहींत नको, असें आम्हीं निक्षून सांगितलें. आपली चूक परक्यास कोण दाखवितो? तिनें ऐकलें नाहीं.

घोटावडे, माण या मार्गानें ती भर पावसांत हिंजवडीस पोंचली. पानें कोरडीं राहिलीं. परत आल्यावर तिनें सांगितलें, कीं बाकीचीं सात कामें त्यांनीं भराभर उलटलीं. त्या आंब्यापाशीं मात्र थांबले आणि हें कां बदललें, यावरच पंधरा मिनिटें बोलणें झालें. तीन आठवड्यांनीं नेमणुकीचें पत्र आलें.

अडीच हजार वांचले याहून आमचा सल्ला मानला गेला नाहीं, याचेंच आज आम्हांस समाधान वाटतें. आमच्या पिढीनें मुलांस चुका खोडून स्वच्छ प्रत काढावयास शिकविलें. खोडलेली प्रत जपून ठेवावयास शिकविलें नाहीं. छत्रीच्या कापडाची ती पिशवी अद्याप माजघरांत खुंटीस आहे. धाकट्या पुतण्याची पाळी पुढच्या वर्षीं आहे. त्यास आम्ही दप्तराविषयीं कांहीं सांगणार नाहीं.