हवापालट

दुसरा माणूस थंडीने काकडत असताना आपण रजईत बसून त्याच्याकडे पाहावे, यासारखे सुख नाही! आमच्या घरी हे सुख हल्ली रोज रात्री जेवणे आटोपल्यावर उपभोगले जाते. ‘अलोन’ नावाची एक अमेरिकन मालिका आहे. दहा माणसांना परक्या, जीवघेण्या हवेत एकेकटे सोडायचे, बरोबर कपडे आणि प्रत्येकाने निवडलेल्या दहा वस्तू; मग कोण किती दिवस टिकतो ते पाहायचे. २०१९ मध्ये दाखवलेल्या सहाव्या पर्वात ही मंडळी कॅनडाच्या उत्तरेकडील ग्रेट स्लेव्ह सरोवराकाठी होती. जॉर्डन जोनस नावाचा गृहस्थ ७७ दिवस टिकला आणि पाच लाख डॉलर घेऊन घरी गेला.

आमच्या चिरंजीवांना त्याच्या धाडसाचे कौतुक. मला कौतुक वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हा जोनस पूर्वी सायबेरियात रेनडिअर पाळणाऱ्या भटक्या एवेंकी लोकांत राहिलेला होता. थंडीशी कसे वागावे, हे त्याला त्या गुराख्यांनी शिकवले होते.

गुराखी म्हटले की मला पारनेर तालुक्यातली ढवळपुरी आठवते. आमच्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. दिवाळी सरली की माळावरचे गवत संपते आणि तिथले धनगर मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातात. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, बाजले, कोंबड्या आणि सर्वांच्या वर एखादे तान्हे मूल! कोकणात भातकापणी झालेली असते. शेतात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे. कोकणच्या धुवाधार पावसात मेंढीचे खूर सडतात, म्हणून मृगाच्या आत पुन्हा घाटावर. (आपण माथेरानला चार दिवस जातो आणि त्याला हवापालट म्हणतो!) कॅमेऱ्यापुढचा माणूस हवेशी झुंजतो, धनगर तिची वेळ ओळखून वाट सोडतो. मला ही विद्या मोठी वाटते. २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवींचे, म्हणजे चोंडीच्या धनगराघरच्या लेकीचे, नाव मिळाले. पण रस्त्यात मेंढरे आडवी आली की आम्ही अजून भोंगाच वाजवतो.

आता ती वेळच चुकू लागली आहे. २०२१ च्या डिसेंबरात, पहिल्या दोन दिवसांतच, अवकाळी पाऊस आणि बोचरा गारठा एकदम आला. पारनेर, संगमनेर, अकोल्याकडे आणि पलीकडे पुणे जिल्ह्यातही उघड्या रानात मेंढ्या शेकड्यांनी मेल्या. पाऊस टाळायला निघावे, तर तो वाटेतच गाठतो.

मालिकेतल्या माणसाजवळ उपग्रहावर चालणारा फोन असतो. सोसवेनासे झाले की त्याने फोन करावा, माणसे येऊन त्याला घेऊन जातात. फोन आता धनगराच्या बंडीतही असतो. त्यावरून तो पुढच्या मुक्कामाच्या शेतकऱ्याला विचारतो, “पाव्हणं, तिकडं आभाळ आलंय का?”