पायापाशी आलेलं म्हैसूर

जुन्या जावा मोटरसायकलला किक आणि गिअर यांची दांडी एकच असते. गाडी सुरू करायची तर डाव्या अंगाची ती दांडी आधी इंजिनाच्या बाजूला आत दाबायची, वळवून उभी करायची आणि तिच्यावर जोर देऊन किक मारायची. इंजिनाने सूर धरला की तीच दांडी पुढे आडवी येते आणि गिअरचं काम करू लागते. गिअर बदलताना पायाने ती दाबली की आतला क्लचही तिच्याबरोबर सुटतो, हाताने वेगळा दाबावा लागत नाही. आमच्या पुण्यातल्या बोळात बाबा रोज सकाळी हा क्रम पार पाडायचे आणि मी दप्तर पाठीला अडकवून बघत उभी असायचे. एवढ्याशा लोखंडाकडून इतकी कामं करून घ्यायचं कुणाला सुचलं असेल, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला. पुढे त्याने माझी पाठ कधी सोडली नाही.

बाबा म्हणायचे, "ही गाडी म्हैसूरची." बरोबरीच्या मुलींना म्हैसूर ठाऊक होतं ते राजवाड्यामुळे, नाहीतर म्हैसूरपाकामुळे. माझं म्हैसूर बाबांच्या डाव्या पायापाशी होतं. पुढे कळलं, मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातला. मुंबईच्या रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या पाठबळावर आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ पासून यादवगिरीच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ मध्ये जावाची येझदी झाली, १९७८ मध्ये रोडकिंग आली, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एवढ्या वर्षांत टाकी बदलली, दिवे बदलले, नाव बदललं; एका दांडीची ती युक्ती टिकून राहिली.

म्हैसूरची आणखी एक वस्तू आमच्या घरी यायची, फक्त तिच्यावर गावाचं नाव नसायचं. निवडणुकीच्या दिवशी आई मतदान करून आली की डाव्या तर्जनीवरची शाई मला दाखवायची. संध्याकाळी भांडी घासून झाली तरी ती शाई जागची हलायची नाही. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या 'म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश' या कारखान्यात तयार होते. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९३७ साली लाख आणि रंगांसाठी काढलेला हा कारखाना. शाईतलं सिल्व्हर नायट्रेट कातडीत मुरतं आणि उजेड लागला की काळं पडतं. कातडीवरची खूण हळूहळू विरते, नखावरची मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत सोबत करते. एका माणसाने एकदाच मत द्यावं, ही केवढी मोठी गोष्ट! ती एका लहानशा बाटलीच्या भरवशावर चालते.

हळूहळू नजर सगळीकडेच जाऊ लागली. पुण्यात पीएमटीच्या बसमध्ये छताला लागून घंटेची दोरी असायची. कंडक्टरने ती एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. गर्दी कितीही असो, कलकलाट कितीही असो, ड्रायव्हरला मान वळवावी लागत नसे. मैत्रिणी खिडकीची जागा धरायच्या. मी दोरी जिथून दिसेल तिथे बसायचे.

नोकरीत बदली होऊन मी म्हैसूरला आले तेव्हा कन्नडचा गंधही नव्हता. बाबांनी गाडी चालवणं सोडलं, पण ती विकायला काढली नाही. रेल्वेने माझ्याकडे पाठवून दिली. इथे येऊन काही महिने झाले आणि किक सटकायला लागली. पाय दिला की दांडी नुसती खाली जायची. एका जुन्या मेकॅनिकने कव्हर उघडलं, आतलं दातेरी चाक काढून रॉकेलमध्ये धुतलं आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूचे दाते धारदार होते, दुसऱ्या बाजूचे झिजून गोल झालेले. त्याने माझं बोट धरून दोन्हींवरून फिरवलं. बाबांच्या रोजच्या सकाळी तिथे लोखंडात उतरल्या होत्या. भाषा न येताही आम्हा दोघांना जे बोलायचं होतं ते बोलून झालं. नवं चाक बसवल्यावर त्याने किक मला मारायला लावली. त्या दिवसापासून हे गाव मला परकं वाटलं नाही.

ओळख वाढली तशी म्हैसूरनेच मला पुण्याची आठवण करून दिली. इथली माणसं पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की आधी कृष्णराजसागरची पातळी बघतात. १२४.८० फूट झाली की धरण भरलं. पुण्यात खडकवासला धरणसाखळीचा साठा असाच बघतात. या दोन धरणांचं नातं तर फार जुनं आहे. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि मुंबई इलाख्यात नोकरीला लागले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे आणि उतरलं की मिटणारे दरवाजे त्यांनी तयार केले. १९०३ मध्ये ते खडकवासल्याला बसले. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आलं, आणि रात्री-अपरात्री पूर आला तर दरवाजा उघडायला माणसाने धावत जाण्याची गरज उरली नाही. पुढे विश्वेश्वरय्या म्हैसूरला आले, १९११ मध्ये कृष्णराजसागरचं काम सुरू झालं आणि तसे स्वयंचलित दरवाजे तिथेही बसले. म्हैसूरची गाडी पुण्याला आली त्याच्या कितीतरी आधी पुण्यातली युक्ती म्हैसूरला पोचली होती.

कावेरीचं ते पाणी होंगळ्ळी आणि बेळगोळच्या पंपांवरून गावात येतं, पण आमच्या गल्लीत ते आणतो चावीवाला. पुण्याच्या आसपास त्याला चावीवाला म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. सायकलच्या दांड्याला त्याने इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी बांधलेली असते. रस्त्यातलं झाकण उचलून तो ती खोल व्हॉल्व्हवर बसवतो आणि दोन्ही हातांनी फिरवतो, अगदी सावकाश. घाईने उघडलं तर पाण्याचा धक्का बसून जुन्या पाइपांचे सांधे निखळतात. एकदा त्याने मला चावी धरू दिली. पाणी सुटलं तशी खालून थरथर वर आली आणि मनगटापर्यंत पोचली. त्या थरथरीवरून किती पाणी चाललंय हे त्याला कळतं.

रविवारी संध्याकाळी राजवाड्यावरचे जवळपास एक लाख दिवे लागतात. पाहुणे आले की मीही त्यांना घेऊन जाते आणि तो झगमगाट मलाही आवडतो. पण एखाद्या कमानीवर एक दिवा विझलेला दिसला की माझी नजर तिथेच अडकते. तिथपर्यंत चढायचं कसं, शिडी कुठे टेकत असेल, तो दिवा कोण बदलेल?

अशा वस्तूंकडे बघून काय मिळतं, असं मला विचारतात. मला त्यात अनोळखी माणसाने माझ्यासाठी केलेला विचार दिसतो. माझ्या पायाची ताकद किती, माझा हात कुठवर पोचेल, अंधारात मी काय चाचपेन, हे कुणीतरी माझं नावही ठाऊक नसताना ठरवून ठेवलेलं असतं. आणि जिथे तो विचार झालेला नसतो तेही मग तितकंच टोचतं. म्हाताऱ्या बाईला गुडघा धरून चढावी लागणारी बसची पायरी, व्हीलचेअर अडवणारा फुटपाथचा कठडा. पूर्वी मी तिथून पुढे निघून जायचे. आता थांबते, मोजपट्टीने उंची घेते, फोटो काढते आणि अर्ज लिहिते. चांगली वस्तू कशी असते हे एका दांडीने मला लहानपणीच दाखवून दिलं होतं. वाईट वस्तू बदलून मागायचा हक्क आपल्याला आहे हे मी तिच्याकडूनच शिकले आणि तो मी बजावत राहणार.