डवऱ्याची दोरी

पोळ्याच्या सुमारास सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात गेलो, की मी आधी जमिनीवर उकिडवा बसतो. भेगेत बोटं जातात की अख्खा पंजा जातो, त्यावरून सोयाबीनकडे किती दिवस उरलेत याचा अंदाज येतो. ऑगस्ट 2023मध्ये माझा हात मनगटापर्यंत आत गेला होता. 1901पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीन नुकतं शेंगा धरत होतं. भर दुपारी पानं उलटी होऊन सगळं रान पांढुरकं दिसत होतं. पुढच्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये असा पाऊस कोसळला, की उभी पिकं पाण्याखाली गेली.

कोरडवाहू शेती हा माझा विषय. हिंगोलीची पावसाची सरासरी बीड-धाराशिवपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे इथल्या दुष्काळाबद्दल बोलताना लोक जरा अविश्वासानं बघतात. पण पीक सरासरीवर जगत नाही. दोन पावसांत वीस-पंचवीस दिवसांचा खंड पडला, की नदीकाठची भारी काळी जमीन कशीबशी तग धरते. माळावरची मुरमाड, हलकी जमीन आठ-दहा दिवसांतच हात टेकते. म्हणून पडलेला पाऊस शेतातच मुरवणं हे पहिलं काम. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. पन्नास मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे पाच लाख लिटर. उतारावरून ते माती घेऊन ओढ्यात जातं, ओढ्यातून कयाधूत, आणि मार्च उजाडला की तीच कयाधू कोरडी पडलेली दिसते.

रुंद वरंबा-सरी पद्धत यासाठी उत्तम आहे. पाऊस कमी झाला तर सरी पाणी मुरवते, जास्त झाला तर तीच सरी पाणी बाहेर काढते. वरंब्यावरची मुळं दोन्ही वेळी वाचतात. दोन हंगाम मी गावोगावी या पद्धतीच्या पेरणीयंत्राचाच आग्रह धरला. चूक माझी होती. वापसा येतो तो दोन-तीन दिवसांपुरता, गावात यंत्र एकच, आणि सगळ्यांना ते त्याच दिवशी हवं. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांनी तिफणीनं नेहमीसारखं पेरलं आणि मी त्यांची नावं ‘पद्धत स्वीकारली नाही’ या रकान्यात लिहिली.

अशाच एका शेतात एक मावशी बांधावर भाकरी सोडत मला म्हणाल्या, “साहेब, मशीन न्हाई मिळालं म्हणून सरी न्हाई व्हत का? डवऱ्याला दोरी बांधा की.” उपाय जुना, मलाही ठाऊक असलेला; पण यंत्राच्या नादात मी तो सांगायचंच सोडून दिलं होतं. पेरणीनंतर महिनाभरानं, शेवटच्या डवरणीला, डवऱ्याची पास धरणारी जी दोन लाकडं असतात त्यांना सुताची जाड दोरी गच्च गुंडाळायची. माती दोरीला अडते, दोन्ही बाजूंना ढकलली जाते, झाडांच्या बुडांना भर लागते आणि मधे सरी पडते. पिकाच्या दर चार ओळींनी एक अशी सरी पुरते. मात्र ती उताराला आडवी हवी. उताराच्या दिशेनं काढली तर तिचाच ओहोळ होतो.

शेततळ्याचं गणितही सरळ आहे. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावतं. बाष्पीभवन वजा जाता दोन-तीन हेक्टर सोयाबीनला शेंगा भरताना एक पाणी सहज देता येतं, आणि ते एक पाणीच बहुतेक वेळा पीक वाचवतं. हीच तळी उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यानं भरलेली दिसली, की माझा जीव तुटतो. वसमतकडे कालव्याखाली हळद शोभते. माळावर चारशे फुटांखालचं पाणी उपसून नऊ महिने हळद जगवणं मला मान्य नाही. हळदीचा पैसा मोठा आहे, हे कबूल. पण एकाची हळद शेजाऱ्याची विहीर आटवते.

माळावर सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी असाव्यातच. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन 711 ही तूर साधारण पाच महिन्यांत निघते, ओल संपण्याआधी.

2023च्या त्या कोरड्या ऑगस्टमध्ये मावशींच्या शेतात आम्ही खुरप्यानं वीतभर उकरलं. सरीलगतच्या मातीचा मुठीत गोळा झाला. शेजारच्या, दिरांच्या रानातली माती भुगा होऊन बोटांतून सांडली. दीर तिथंच उभे होते. त्यांनी दोन्ही रानांची माती हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, “पर वरचं पानी माझ्या रानातून हिच्या रानात उतरतंय. मी सरी कुन्या अंगानं काढू?”

मावशींचे मालक आणि त्यांचे दोघे भाऊ, तिन्ही भावांची रानं एकाच उतारावर, वाटणीच्या धुऱ्यांनी उभी कापलेली. दिवाळीनंतर तुरीच्या तासांमधून गवंड्याची पाण्याची नळी ओढत आम्ही तिन्ही रानांत मिळून एक समपातळीची रेघ आखली. दोन धुरे ती ओलांडून जात होती. दर दहा पावलांवर मावशी चुन्याची मूठ सोडत होत्या आणि धुऱ्यापाशी पोचल्यावर तिन्ही भाऊ थांबून एकमेकांकडे बघत होते.