शिश्नावरील डाग : रंग आणि कारणे

शिश्नाची त्वचा इतर अंगापेक्षा मुळातच गडद असते. वयात येताना संप्रेरकांमुळे तेथील रंगपेशी अधिक मेलॅनिन बनवू लागतात आणि ही छटा पुढे टिकते. खालच्या बाजूने मधोमध जाणारी गडद रेघही नैसर्गिकच. शंका घ्यायची ती नव्याने उमटलेल्या, पसरणाऱ्या किंवा पोत बदललेल्या डागाची.

काळ्या डागाचे नेहमी आढळणारे एक कारण म्हणजे औषधाची ॲलर्जी, फिक्स्ड ड्रग इरप्शन. जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल या गोळ्या, को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, फ्लुकोनाझोल आणि काही वेदनाशामके यांमुळे ती उद्भवते. गोळी घेतल्यावर काही तासांतच शिश्नमुंडावर आग होते, गोलसर जांभळट चट्टा उठतो, कधी फोड येऊन कातडी सोलवटते. जखम भरते, पण मेलॅनिन त्वचेच्या खालच्या थरात उतरल्यामुळे राखाडी-काळा डाग कित्येक महिने राहतो. तेच औषध पुन्हा पोटात गेले की चट्टा नेमका त्याच जागी उठतो, कारण पहिल्या वेळच्या टी-पेशी तिथे ठाण मांडून बसलेल्या असतात. या चट्ट्याला गुप्तरोग समजून घराघरांत संशय शिरतो, हे फार क्लेशकारक आहे. औषध ओळखून कायमचे वर्ज्य करणे हाच खरा उपाय.

वेडेवाकडे, सपाट, तपकिरी-काळे ठिपके वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर तो बहुधा निरुपद्रवी मेलॅनोसिस असतो. मात्र मेलॅनोमा हा दुर्मीळ कर्करोगही असाच दिसू शकतो, म्हणून डर्मोस्कोपने तपासणी आणि गरजेनुसार बायोप्सी करावी लागते.

पांढऱ्या डागांत कोड आणि लायकेन स्क्लेरोसस यांतला फरक महत्त्वाचा. कोडात रंग जातो, पण त्वचा मऊच राहते. लायकेनमध्ये ती चिनी मातीसारखी पांढरी, पातळ आणि ताठर होते. पुढची कातडी मागे सरेनाशी होते, लघवीचे तोंड आकसते. त्यात कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून उपचार आणि देखरेख दोन्ही लागतात.

लाली आणि खाजेमागे बहुधा कॅन्डिडा बुरशी असते. ती वारंवार उद्भवल्यास रक्तातील साखर तपासावी. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधेही लघवीतून साखर बाहेर टाकत असल्याने हा संसर्ग वाढवतात. सोरायसिसमध्येही लाल चट्टे येतात. मखमली, लाल, न हटणारा चट्टा मात्र कर्करोगाची पहिली पायरी असू शकतो. न दुखणारा व्रण दिसल्यास उपदंशाची रक्तचाचणी करून घ्यावी.

काही रंग तातडीचे असतात. संभोगाच्या वेळी कट् असा आवाज होऊन शिश्न जांभळे पडले व सुजले, मागे सरलेली कातडी अडकून टोक निळसर झाले, किंवा ताप व असह्य वेदनेसह त्वचा काळी पडू लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम यांपैकी कशालाही लावू नये. तेथील नाजूक त्वचा त्याने पातळ होते, बुरशी बळावते आणि मूळ आजाराची लक्षणे झाकली जातात. दोन-तीन आठवड्यांत न गेलेला कोणताही नवा डाग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा आणि सोबत अलीकडे घेतलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी.